मुकादमाची पाठ

मुकादमाच्या पाठीला तेल लावायचा दिवस रविवार होता. बाबा सकाळची आंघोळ उरकून, धुतलेलं बनियन घालून अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यापाशी पाट टाकत आणि मांडीवर जुन्या लुंगीची घडी पसरत. मग टाक्याच्या कडेला ऊन खात पडलेला मुकादम हलू लागे. तो त्यांच्याकडे येई की नुसताच उन्हाच्या मागे सरके, हे मला कधी नीट कळलं नाही. बाबांना मात्र त्याबद्दल शंका नव्हती. "या साहेब, हजेरी लावा," असं म्हणून ते त्याला दोन्ही हातांनी अलगद उचलत, मांडीवर ठेवत आणि वाटीतल्या जवसाच्या तेलात बोट बुडवून त्याच्या पाठीवरच्या एकेका खवल्यावर, कपाळावर बाम लावावा तसं, गोल गोल फिरवत राहत.

मुकादम म्हणजे आमचं कासव. खाणीतून उपसलेलं पाणी जिथे साठे त्या डबक्याच्या काठी, कामाच्या एका पावसाळी पाळीच्या शेवटी, तो बाबांना सापडला होता. चिखलाने लडबडलेला, मिटलेल्या मुठीएवढा. जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून त्यांनी तो घरी आणला. कुठलीही घाई न करता, प्रत्येकाच्या कामात मान खुपसत अंगणभर फिरण्याची त्याची रीत पाहून आईने त्याला मुकादम म्हटलं, आणि ते नाव त्याच्याबरोबर मोठं झालं.

तेलामागे बाबांचा एक हिशेब होता. जमिनीखालच्या खाणीत उतरणारी त्यांच्या पिढीची माणसं पाळीला जाण्याआधी मानेला, कानांमागे, कोपरांना आणि बोटांच्या बेचक्यांना जवसाचं तेल चोळत. तेल लावलेल्या कातडीत कोळसा मुरत नाही, वर आल्यावर गरम पाणी घेतलं की सुटून जातो, असा त्यांचा अनुभव होता. पुढे खाण बंद झाली, बाबा निवृत्त झाले. पण राजुऱ्याच्या ज्या टोकाला आमचं घर आहे तिथून कोळशाचे ट्रक जातच राहिले. पूर्वी कोळशाला भेटायला जमिनीत उतरावं लागे. आता तोच घरी येत होता. पाण्याच्या माठावर, वाळत घातलेल्या चादरींवर, तुळशीवृंदावन नसलेल्या आमच्या मोकळ्या अंगणात भिंतीवरच्या निळ्या रंगावर तो रोज संध्याकाळी बसे. म्हणून मुकादमाचं तेलही सुरूच राहिलं. मुक्या जिवाच्या पाठीत कोळसा मुरू नये म्हणून.

आईला जाऊन तीन वर्षं झाली. ती गेल्यावर रविवारचं तेल आधी गुरुवारीही लागू लागलं, आणि मग रोज. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. सकाळी निघताना बाबा मुकादमाशी बोलत असत आणि संध्याकाळी परतल्यावरही त्याच्याशीच. माझ्याशी ते जेवणाबद्दल बोलत, विजेच्या बिलाबद्दल बोलत. गुडघा कोणत्या बाजूने दुखतो, आज आईची आठवण कशावरून झाली, हे मला त्यांच्या आणि कासवाच्या बोलण्यातून, दाराआड उभं राहिल्यावर कळे. घरात शब्द शिल्लक होते ते त्या एका प्राण्यामुळे. तो गेला तर तेही जातील, ही भीती मी कोणाला सांगितली नव्हती. पण ती माझ्याबरोबर रोज ग्रंथालयात येई आणि रोज माझ्याबरोबर परत येई.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका सकाळी मुकादम नळाच्या पाइपामागे अडकून बसला होता. मी त्याला ओढून काढलं तेव्हा माझा अंगठा त्याच्या पाठीच्या मागच्या कडेत किंचित रुतला. कासवाची पाठ रुतण्याची वस्तू नाही. मी त्याला उजेडात धरलं. वरून पाहिलं तर पाठ पॉलिश केलेल्या बुटासारखी काळीभोर चमकत होती. पण दोन खवल्यांच्या सांध्यात एक पांढुरका, भुसभुशीत डाग होता आणि त्यातून, बंद डब्यात राहून गेलेल्या भाजीला येतो तसा, गोडसर कुजका वास येत होता.

बाबा पाट घेऊन येत होते. "काऊन रे, काय झालं?"

"काई नाई," मी म्हणालो. "जरा दाखवून आणतो त्याले."

"कोनाले?"

"जनावराच्या डॉक्टरले."

"घिऊन जा," ते म्हणाले, आणि त्यांनी वाटीतलं तेल परत बाटलीत ओतलं. "थंडीनं सुस्त झाला असन."

दवाखान्यात माझ्याआधी एक बाई पाय मोडलेली बकरी घेऊन बसल्या होत्या. डॉक्टर मंजुषा माझ्यापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. टोपलीत कासव पाहून त्यांनी आधी कंपाउंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी गाई-म्हशींची डॉक्टर आहे," त्या म्हणाल्या. "कासव कॉलेजात असताना एकदा पाहिलं होतं, तेही बरणीत." पण त्यांनी हात धुतले, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवला आणि पाठीवरून दाबून फिरवला. कापूस डांबरासारखा काळा आणि चिकट झाला. त्यांनी तो नाकाशी नेला.

"हे काय लावता याला?"

"जवसाचं तेल."

"कोण लावतं?"

"बाबा. कोळसा मुरू नये म्हणून."

त्यांनी चंद्रपूरच्या कुण्या वरिष्ठ डॉक्टरांना फोन लावला, बराच वेळ ऐकून घेतलं, आणि मग मला समजावून सांगितलं. सुतार दाराला जवसाचं तेल लावतो ते वाळून पापुद्रा धरतं म्हणून. इथेही तसंच झालं होतं. तेल, त्यावर धूळ, त्यावर पुन्हा तेल. पाठ बाहेरून चमकत राहिली आणि त्या थराखाली टाक्यातली ओल कोंडून राहिली. "लोकांना वाटतं ही पाठ म्हणजे पेटीचं झाकण," त्या म्हणाल्या. "ती जिवंत असते. खवल्याखाली हाड असतं. सडणं हाडापर्यंत गेलं नसेल तर वाचेल."

"आणि गेलं असेल तर?"

त्यांनी करायचं काय ते सांगितलं: कोमट पाणी, लहान मुलांचा मऊ ब्रश, सांध्यांमधून हलक्या हाताने घासणं, पूर्ण कोरडं करणं, डागांवर पातळ केलेलं आयोडीन, कोवळं ऊन. पाण्यात फक्त खाण्यापिण्यापुरतं सोडायचं, बाकी वेळ कोरड्या, धूळ नसलेल्या जागी. "आणि तेल बंद. थेंबभरसुद्धा नाही." मी टोपली उचलली तेव्हा त्या थोडं अवघडून म्हणाल्या, "अजून एक. हे आपल्याकडचं रानातलं कासव आहे. घरी ठेवता येत नाही, कायदा आहे. बरं होईपर्यंत मी बोलून ठेवते चंद्रपूरला. पण नंतर वनखात्याच्या उपचार केंद्रात द्यावं लागेल, तेव्हा तयारी ठेवा."

त्या शेवटच्या वाक्याकडे मी त्या दिवशी लक्ष दिलं नाही. रस्ताभर मी दुसरंच वाक्य जुळवत होतो. ओलीने झालं, असं म्हणता येईल. थंडीने झालं, असंही. पण मग तेल कसं थांबवणार? प्रत्येक खोट्या वाक्याच्या शेवटी तीच तेलाची वाटी उभी होती.

अंगणात बाबांबरोबर गुणवंतराव बसले होते. ते शेजारचेच, बाबांबरोबर एकाच पाळीत खाली उतरलेले. दोघांच्या हातांत चहाचे कप होते.

"काय म्हने डॉक्टरीन?" बाबांनी विचारलं.

जुळवलेलं सगळं निसटलं. "तेलानं झालं म्हने," मी म्हणालो.

गुणवंतराव खो खो हसले. "घ्या! श्रीहरीभाऊ, मुकादमाले बी मेडिकल अनफिट केलं तुमी!" मग त्यांनी शर्टाची बाही वर सारून आपला दंड माझ्यासमोर धरला. "तिले म्हन, हेच तेल लावून आमी जिंदगी खाली काढली. पाह्य, कातडी पाह्य कशी हाये. नवरदेवावानी. आता छातीच्या एक्सरेत ढग भरले ते अलग." हसता हसता त्यांना ढास लागली आणि चहा बशीत सांडला.

बाबा हसले नाहीत. ते टोपलीकडे पाहत होते. "तिनं कोळसा पाह्यला काय कधी?"

"म्हाईत नाई, बाबा."

"मंग तिले काय समजते?" गुणवंतराव खोकतच होते. मग बाबा म्हणाले, "किती दिवस नाई लावाचं?"

"बरं होईपर्यंत. दीड-दोन महिने तरी."

"ठीक हाये. मी हात नाई लावत. बरा झाला त तुहं खरं. अन् नाई झाला, त मले पुन्हा शिकवाले येऊ नको."

असा तो करार झाला. तेव्हा मला तो सोपा वाटला. कासव वाचलं की बाबा वाचतील, एवढंच मला दिसत होतं.

मी रोज सकाळी अर्धा तास लवकर उठू लागलो. मधल्या खोलीची रस्त्याकडची खिडकी ओल्या कापडाने बंद केली. तिथे एका खोक्यात जुन्या सुती लुगड्याचे तुकडे अंथरून मुकादमाची जागा केली. अंगणातल्या उन्हात घमेलं घेऊन मी बसे आणि बाबा दारातल्या खाटेवरून पाहत. त्यांनी हात लावला नाही; पण त्यांचं बोलणं माझ्या हातांभोवती फिरत राही.

"पानी कोपरानं पाह्य. पोळन त्याले."

"पाह्यलं, बाबा."

"इतक्या जोरानं नको घासू. गंज हाये का तो? मान आत ओढून राह्यला पाह्य. आवडून नाई राह्यलं त्याले."

"बाहीर बी काढून राह्यला, बाबा."

"थे नाकात पानी गेलं म्हून."

पहिल्या दिवसांत ब्रशला फक्त काळा चिकटा लागे. घमेल्यातलं पाणी खाणीतल्या पाण्यासारखं होई आणि मी ते नालीत ओतताना त्याचा तेलकट तवंग दगडांवर रेंगाळत राही. डाग असलेल्या जागी खवल्याची कड कापसाला लागून निघून आली, खाली ओलं, गुलाबी दिसलं. त्या दिवशी मी ग्रंथालयात पुस्तकं चुकीच्या कपाटात लावली. मुकादम खात नव्हता. पालकाचं पान त्याच्यासमोर कोमेजून जाई, गांडूळ घमेल्याच्या कडेवरून पळून जाई. बाबा काही बोलत नसत, पण त्यांच्या न बोलण्यात एक थकलेला विजय असे, आणि त्या विजयाची त्यांनाच धास्ती वाटत असावी. रात्रीच्या जेवणात ते ताटावरून हात आवरता आवरता विचारत, "खाल्लं का काई?" आणि मी नाही म्हटलं की उरलेला भात झाकून ठेवत.

डिसेंबर सरत आला तसा थर सुटू लागला. वाळलेल्या गोंदासारखे त्याचे पापुद्रे निघत, बोटांत चुरगळले की कोळशाची भुकटी होई. एका सकाळी ब्रशखाली पाठीच्या मधल्या उभ्या कण्यावर एक पिवळसर रेघ उमटली. मी पाणी टाकलं, पुन्हा घासलं. रेघ वाढत गेली. दोन्ही बाजूंचे खवले काळे नव्हते, तपकिरी होते. सागाच्या जुन्या फळीवर पाणी पडल्यावर जो उबदार रंग वर येतो, तसे.

खाट करकरली. बाबा उठून आले. त्यांचा श्वास मला त्यांच्या पावलांआधी ऐकू आला. ते वाकले, गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले.

"हा पिवळा कुठून निंगाला?"

"त्याचाच रंग आहे, बाबा. खाली होता."

ते पाहत राहिले. "कांताच्या टायमाले असाच दिसे," आईचं नाव घेत ते हळूच म्हणाले. मग त्यांच्या कपाळावर आठी आली. "मंग काळा कवा झाला हा?"

ती रेघ दिसेपर्यंत मलाही आठवलं नव्हतं. मला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत आम्ही दोघेही थांबलो, जणू त्या आवाजानंतर प्रश्न उरणारच नव्हता. पण बाबा वाकलेलेच होते.

"आई धुवे त्याले," मी म्हणालो.

"कवा?"

"सोमवारी. तुमी पाळीवर गेल्यावर; रिटायर झाल्यावर, तुमी बाजारात गेल्यावर. तुमचे कपडे धुनं झाले का त्याच गरम पान्यात. दोडक्याच्या घासनीनं. रविवारचं तेल सारं काढून टाके."

"मले नाई सांगतलं कधी."

"मी इचारलं होतं एकदा. म्हने, त्याइले लावू दे, त्याइले बरं वाटते. मी काढून टाकते."

बाबा सरळ झाले.  घमेल्यात मुकादमाने मान पूर्ण बाहेर काढली होती आणि तो त्यांच्याकडे, की त्यांच्या मागच्या उन्हाकडे, पाहत होता. बाबा परत खाटेवर जाऊन बसले. त्यांनी पाण्याबद्दल, ब्रशबद्दल, नाकाबद्दल त्या दिवशी आणखी काही सुचवलं नाही.

मी त्यानंतर फार वेळा त्या गोष्टीचा विचार केला. खाणीत तेल लावून उतरणं ही अर्धी रीत होती. वर येऊन धुणं ही उरलेली अर्धी. बाबा पाळीवरून परतत तेव्हा चुलीवर पाणी तापलेलं असे आणि पाठ घासायला आई असे. आपल्या पाठीचं धुणं त्यांनी इतकी वर्षं दुसऱ्या हातांवर सोडलं होतं की ते कामात मोडतं, हेच ते विसरले होते. मुकादमाच्या वाट्यालाही तसंच आलं. आई गेली आणि तेल लावणारे हात तेवढे घरात उरले. त्यात माया कमी नव्हती. उलट रोज वाढत गेली होती, थरावर थर.

जानेवारीत डॉक्टर मंजुषांनी मुकादमाला उलटसुलट करून पाहिलं. डागांच्या जागी पडलेले खड्डे कोरडे झाले होते, त्यांच्या तळाशी कठीण, पांढरट कवच धरत होतं. "हाडापर्यंत गेलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि मला वाटतं त्यांनाही आनंद झाला होता, कारण त्यांनी कंपाउंडरला बोलावून दाखवलं. "खड्डे राहतील, पण जगेल. खातो का?"

"कालपासून. गोगलगाय खाल्ली."

मी सायकल जवळजवळ पळवत घरी आणली. आयुष्यात चांगली बातमी घेऊन घरात शिरण्याचे प्रसंग माझ्या वाट्याला थोडे आले आहेत. तो एक होता. बाबा खाटेवर होते. मी दारातूनच म्हणालो, "बाबा, वाचला तो! हाडाले काई नाई झालं. डॉक्टरीन म्हने, चांगला झाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "मंग तुहं खरं," ते म्हणाले.

तेवढंच. मी टोपली घेऊन उभाच राहिलो. पाठीचा प्रत्येक उजळलेला खवला त्यांच्याविरुद्ध बोलणार होता, हे मला इतके दिवस सुचलं नव्हतं. कासव मेलं असतं तर ते थंडीवर, म्हातारपणावर, त्या डॉक्टरीणबाईंवर ढकलता आलं असतं. ते बरं झालं होतं, फक्त तेल थांबवल्याने.

त्या दिवसापासून बाबांनी खाट फिरवून भिंतीकडे तोंड केलं. आता मी मुकादमाला दुपारच्या उन्हात अंगणात सोडत असे. तो आपल्या चालीने, प्रत्येक दगडाची तपासणी करत, थेट खाटेकडे जाई आणि बाबांच्या पायाच्या अंगठ्याशी येऊन थांबे. बाबा पाय वर घेत. दोन्ही पाय मांडी घालून खाटेवर ओढून घेत आणि तो निघून जाईपर्यंत तसेच बसत. तो लवकर निघून जात नसे.

गुणवंतरावांनी एकदा गंमत करून पाहिली. "श्रीहरीभाऊ, साहेब पाया पडाले आले, आशीर्वाद द्या ना. प्रमोशन अडलं असन त्याचं."

"त्याले उचल, प्रफुल," बाबा म्हणाले. गुणवंतरावांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"राहू द्या ना, बाबा. तुमच्यापाशी आला तो."

"उचल म्हनतो ना."

मी उचललं. गुणवंतराव चहा अर्धा टाकून गेले आणि त्यानंतर ते फाटकापाशीच उभे राहून बोलू लागले.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, उन्हाला धार चढू लागली होती तेव्हा, बाबांनी एका संध्याकाळी मला समोर बसवलं. "त्या डॉक्टरीनले फोन लाव. म्हन, चंद्रपूरले घिऊन जातो आमी याले."

"इतक्यात कायले? त्या म्हणाल्या, उन्हाळ्यापर्यंत चालते. मी बोलतो त्यांच्याशी."

"उन्हाळा कायले पाह्याचा?"

मी त्या दिवशी जितकं बोललो तितकं त्यांच्याशी कधी बोललो नसेन. म्हणालो, आता मला जमतं, मी रोज धुईन. म्हणालो, तेल लावायचं नाही एवढंच, हातात घ्यायला काय हरकत आहे; कोरड्या हाताने घ्या, पाठ खाजवा, पहिल्यासारखं बोला त्याच्याशी. म्हणालो, दिवसभर तो तुम्हालाच शोधत फिरतो.

"म्हूनच," बाबा म्हणाले.

"म्हूनच म्हनजे?"

"त्याले काय समजते? इतकी वर्सं सडवलं त्याले, तरी त्याच हाताकडे येते." त्यांनी आपले तळहात उलटसुलट करून पाहिले, एखादं हत्यार परत ठेवण्याआधी पाहावं तसे. "तू उद्या कामाले गेला, मी एकटा राह्यलो, अन् तो मांडीवर आला, त माह्या हातानं राह्यवन काय? नाई राह्यवत. जिथी कोनी वळखीचं नाई तिथी जाऊ दे त्याले."

 मी फोन लावला.

चंद्रपूरला आम्ही माझ्या मित्राची मोटरसायकल घेऊन गेलो. बाबांनी यायची गरज नव्हती. वर्धा नदीच्या पुलावर, बल्लारपुरात, सगळीकडे ट्रकच ट्रक, आणि त्यांच्या छातीला ते सोसणार नव्हतं. पण ते आले. नाकातोंडाला उपरणं गुंडाळून मागे बसले आणि खोका त्यांनीच मांडीवर घेतला. खोक्याला हात लावायला त्यांची हरकत नव्हती. मधूनमधून आतून नखांचा खरखर आवाज येई आणि माझ्या पाठीला खोक्याचा कोपरा टोचे. त्यावरून मला कळे की त्यांनी तो आणखी घट्ट धरला आहे.

उपचार केंद्रात एका ताईंनी मुकादमाला बाहेर काढलं. बांबूंच्या सावलीत, त्या हिरवट उजेडात त्याची पाठ इतकी स्वच्छ दिसत होती की ते आपलंच कासव आहे यावर क्षणभर माझा विश्वास बसेना. त्यांनी खड्ड्यांवरून बोट फिरवलं.

"चांगली साफ झाली आहे. कोणी केली?"

"ह्यानं," बाबांनी माझ्याकडे बोट केलं.

"आणि इतकी वर्षं सांभाळलं कोणी?"

"बाबांनी," मी म्हणालो.

"नाई," बाबा म्हणाले. "ह्याच्या मायनं."

ताईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. त्यांनी त्याला एका मोठ्या, काठाला माती असलेल्या हौदाशी नेलं. आत सोडण्याआधी त्या थांबल्या. "काका, घ्या एकदा हातात."

बाबांनी हात पाठीमागे नेले. "सोडा," ते म्हणाले. "थंडा पडून राह्यला तो." मग, त्या वळत असताना, "इथी कोळसा येते काय, बाई?"

"चंद्रपूर आहे, काका. थोडा तर येणारच."

"मंग पानी मारत जा पाठीवर. हप्त्यातून एकडाव तरी. नुसतं पानी." ते हौदाकडे एक पाऊल सरकले. "दुसरं काई नोका लावू."

मुकादम मातीवर उतरला, चार पावलं चालला आणि एका पालापाचोळ्याच्या ढिगात मान खुपसून तपासणी करू लागला. आम्ही तो बाहेर येण्याची वाट पाहिली नाही.

परत निघालो तेव्हा ऊन कलतं होतं. खोका आम्ही तिथेच दिला होता. बाबा माझ्या मागे बसले. मी गाडी सुरू केली आणि नेहमीप्रमाणे थोडा थांबलो, त्यांनी माझा खांदा धरावा म्हणून. एका बाजूने मालाच्या गाड्या जात होत्या, रस्ता खड्ड्यांचा होता.

"धरलं का, बाबा?"

"हो," ते म्हणाले. "चाल."

मी मान वळवून पाहिलं. त्यांनी, हौदाशी नेले होते तसेच, दोन्ही हात मागे नेऊन सीटच्या मागचा लोखंडी दांडा धरला होता, बोटं पांढरी होईपर्यंत. "खांदा धरा," मी म्हणालो. "पडाल."

"नाई पडत. हे बरं हाये."

मी हळू चालवत राहिलो. पूल येईपर्यंत आणि पूल गेल्यावरही माझ्या खांद्यावर काही आलं नाही.